गवेटेकडीचे मानाजीराव

एका जंगलात एक टेकडी होती, बाळांनो, आणि त्या टेकडीला मालक होता. टेकडीला मालक कशाला लागतो, असं विचारू नका. तुमच्या नावावर एखादी टेकडी झाली की आपोआप कळेल.

टेकडीचं नाव गवेटेकडी. मालकांचं नाव श्रीमंत मानाजीराव गवे. जंगलातलं सगळ्यात जुनं घराणं. मूळपुरुष धिप्पाडराव गवे यांनी राजाला पाठीवर बसवून पुरातून बाहेर काढलं होतं. राजा खूश झाला आणि ही टेकडी त्याने त्यांना वंशपरंपरेने देऊन टाकली.

मानाजीराव ससा होते.

हसू नका. यात गैर काहीच नाही. धिप्पाडरावांना एकच मुलगी. ती सांबराच्या घरी गेली असती तर टेकडीही सांबरांकडे गेली असती. म्हणून त्यांनी जावयालाच घरात घेतलं आणि गवेकुळात सामील केलं. दूर स्कॉटलंडातसुद्धा बड्या जमीनदारांच्या कित्येक घराण्यांत जावई आधी सासऱ्याचं आडनाव लावायचा आणि मगच त्याला जमीन मिळायची. तेव्हा नावं ठेवायची तर आधी त्यांना ठेवा. पुढे सांबर-गव्यांनाही मुलगीच झाली. तिच्यासाठी भेकर, म्हणजे सांबराहून लहान हरीण, जावई आणला. त्यांच्या मुलीसाठी पिसोरी, म्हणजे ते मांजराएवढं चिमुकलं हरीण. आणि त्यांच्या मुलीसाठी ससा, म्हणजे हेच मानाजीराव. घराणं मोठं होत गेलं आणि मालक लहान होत गेले.

ही सगळी वंशावळ धनेश भाटाला तोंडपाठ होती. धनेश म्हणजे तो भल्यामोठ्या चोचीचा पक्षी. रोज सकाळी मालकांच्या उंबरावर बसून तो ती म्हणायचा आणि मग पोटभर उंबरं खायचा. मानाजीराव डोळे मिटून ऐकायचे. ऐकता ऐकता त्यांना कानांच्या जागी शिंगं आल्यासारखी वाटायची. खरं सांगतो, तेवढा वेळ ते फार सुखात असत.

एके दिवशी गवताचा वास काढत खालच्या उतारावर एक गवा आला. खराखुरा. काळाकभिन्न, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा.

"मालक, चार घास खाऊ का?" त्याने विचारलं.

मानाजीरावांनी मान वर केली. मग आणखी वर केली. ज्या कुळाचं कौतुक ते रोज ऐकत आले होते, ते असं दिसतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"कोण रे तू?" भाटाने दरडावलं.

"मी काळू. गवा आहे."

"वडील?"

"गवाच."

"नाव विचारतोय, नाव!"

"आई सांगायच्या आधीच गेली."

"बरं, आजोबा? पणजोबा?"

काळूने जरा विचार केला. "असतील की कुणीतरी. त्याशिवाय मी कसा आलो?"

भाटाने फांदीवर चोच आपटली. "सरकार, याला कुळ नाही. म्हणजे हा गवा नाही."

"पण ती शिंगं..." मानाजीराव पुटपुटले.

"शिंगं बोकडालाही असतात, सरकार. आणि आपल्याला कुठे आहेत?"

हे बिनतोड होतं. टेकडीवरची बाकीची सगळी बिनकुळाची प्रजा सशांची होती. म्हणून काळूलाही ससा धरायचं ठरलं. त्याने खालच्या उतारावर चरावं आणि गवे समोर आले की मान खाली घालावी. काळूला गवत हवं होतं. तो हो म्हणाला.

सगळं छान चाललं होतं. आणि मग बातमी आली की राजा येतोय.

इथे मानाजीरावांची पंचाईत झाली. कारण टेकडीच्या सनदेत एक अट होती. राजा वेशीवर आला की मालकाने समोर उभं राहून गव्याचा एक हुंकार द्यायचा. तो नाही दिला तर टेकडी सरकारजमा. धिप्पाडरावांनंतर कोणी राजा इकडे फिरकलाच नव्हता, त्यामुळे कुणाला हुंकार द्यावा लागला नव्हता. मानाजीरावांनी छाती फुगवून देऊन बघितला. "फुस्" असा आवाज आला.

"अहो, टेकडी गेली तर मी कोण?" त्यांनी बायकोला विचारलं.

"ससा," बाई म्हणाल्या.

मानाजीरावांना रडू कोसळलं. रडून झाल्यावर ते एकटेच खालच्या उतारावर गेले.

"अहो काळूराव," ते म्हणाले. गरज पडली की मोठे लोक अहो-जाहो करतात, हे लक्षात ठेवा. "तुम्हाला हुंकार देता येतो का हो?"

"येतो की, मालक. पण मी तर ससा ना?"

"ससाच. तेवढ्यापुरतं त्या कारवीच्या झुडपामागे उभं राहायचं आणि मी तोंड उघडलं की द्यायचा. मग पुन्हा ससा."

"आणि गवत?"

"वाटेल तेवढं."

राजाची स्वारी आली. वेशीवर मानाजीराव, शेजारच्या फांदीवर भाट, मागे कारवी, कारवीमागे काळू. "वाघराज महाराज की जय!" अशी आरोळी झाली आणि झुडपातून एक रानमांजर बाहेर आलं. मानाजीराव वाट बघत राहिले. रानमांजरामागून कोणीच आलं नाही.

"हेच महाराज," भाट कुजबुजला. "यांच्याकडेही चार पिढ्या मुलीच."

महाराजांनी मानाजीरावांना न्याहाळलं. मानाजीरावांनी महाराजांना. दोघांनाही एकमेकांचं सगळं कळलं आणि दोघेही काही बोलले नाहीत. घरंदाज मंडळी अशीच असतात.

"हुंकार," महाराज म्हणाले.

मानाजीरावांनी तोंड उघडलं. कारवी थरथरली. असा हुंकार घुमला की भाट फांदीवरून खाली पडला. महाराज शेजारच्या ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर दिसले.

थोड्या वेळाने ते उतरले आणि अंग चाटत म्हणाले, "वा! कुळ बोलतं ते असं. टेकडी कायम."

इतक्यात कारवी बाजूला सारून काळू बाहेर आला. "जमलं का, मालक?"

महाराजांची शेपटी फुलली.

"हा कोण?"

खरं बोलायला हीच वेळ होती, बाळांनो. मानाजीरावांना तेही कळलं. काळूने आपल्याला वाचवलं, हेही कळलं. त्यांनी एकदा काळूकडे बघितलं, एकदा टेकडीकडे बघितलं.

"हा? आमच्याकडचा ससा."

महाराज बराच वेळ बघत राहिले. "मोठा आहे."

"खायला घालतो आम्ही."

"ससे आम्ही खातो," महाराज म्हणाले. काळू मान खाली घालून उभा होता. शिंगं त्यामुळे बरोबर महाराजांच्या समोर आली होती. "पण आज आमचा उपास आहे," महाराज म्हणाले आणि स्वारी वळली.

पुढे खालच्या उतारावर एक गवी आली. तिचं आणि काळूचं जमलं. एकदा मानाजीराव वरच्या कड्यावर कोवळं गवत खात बसले होते, तेव्हा खालचं बोलणं त्यांच्या कानावर आलं.

"ही गवेटेकडी ना? मग गवे तुम्हीच," गवी म्हणत होती.

"छे गं! हळू बोल. आपण ससे. गवे वर राहतात."

"मला तर कधी दिसले नाहीत."

"दिसतील कसे? फार मोठी मंडळी आहेत ती."

गवीने वर बघितलं. मानाजीराव पटकन गवतात दडले. त्यांना आधी अभिमान वाटला. मग शरम वाटली, खूप वाटली. पण शरम वाटल्यावर पुढे काय करायचं असतं, हे त्यांच्या घराण्यात कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. ते तडक उंबराखाली गेले.

"भाटबुवा," ते म्हणाले, "धिप्पाडरावांपासून म्हणा. आणि जरा मोठ्याने."

तात्पर्य, पाठ करून ठेवा: शिंगं कुणालाही फुटतात, बाळांनो, पण गवा व्हायला पणजोबांचं नाव सांगता यावं लागतं. तुम्हाला ते येत नसेल तर चारचौघांत हुंकार देऊ नका. अगदीच राहवलं नाही, तर कारवीमागून द्या. गवत मिळेल.