दिघेकाकांचा पिवळा उजेड

आमच्या शेजारचे दिघेकाका संध्याकाळी काकूंना घेऊन कुणाकडे बसायला गेले, की चपला काढायच्या आधी यजमानांची ट्यूबलाइट बंद करतात. मग खिशातून स्वतःचा पिवळा बल्ब काढतात. "अरे भई, संध्याकाळी सफेद लाइट? जुलूम आहे हा!" नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत त्यांनी सोडलेलं घर नाही.

मागल्या वर्षी काकू मोठ्या दुखण्यातून उठून घरी आल्या, तेव्हापासूनचं हे खूळ. "हिला झोप लागायला पाहिजे. दिवस मावळला की उजेड कसा पिवळा, मंद हवा!" हे प्रवचन आम्हाला तोंडपाठ. बँकेत जन्म गेला, पण ऐट अशी की सूर्य यांनाच विचारून मावळतो. दिवेलागणीला आपण बटण दाबून हात जोडतो ना? हे गृहस्थ ट्यूबला नमस्कारच करत नाहीत! त्यांच्या घरी पोह्यांवर शेव आहे की नाही, हे चावल्यावर कळतं.

कळस झाला माझ्या मुलीच्या, केतकीच्या, बघण्याच्या कार्यक्रमात. इंदूरची मंडळी येण्याआधीच काका-काकू हजर. मी स्वयंपाकघरात गुंतलेली, तेवढ्यात काकांनी बैठकीतले सगळे दिवे बदलले! मुलाचे वडील दोन घास पोहे खाऊन सोफ्यावर चक्क घोरायला लागले. "देखा? असर!" काका माझ्या कानाशी म्हणाले. केतकी फिदीफिदी हसत सुटली. मुलाची आई ताडकन उठली. स्थळ गेलं ते गेलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तरातरा भांडायला गेले. काका दूध आणायला गेलेले, म्हणून मी काकूंवरच बरसले, "तुमच्या झोपेपायी आम्ही किती सोसायचं हो?"

"माझ्या?" काकू हसल्या. "मी तर बाई भर उन्हातसुद्धा झोपेन. झोप त्यांना नाही. आयसीयूत त्या पांढऱ्या दिव्याखाली पाहिलंय ना मला... तसा उजेड तोंडावर पडला, की मी त्यांना तशीच दिसते. अजूनही रात्ररात्र उठून माझा श्वास बघत बसतात. पिवळ्यात बरी दिसते म्हणे."

भांडायचं विसरून मी तिथेच टेकले.

तेवढ्यात काका दूध घेऊन आले. माझ्याकडे लक्षच नाही. आधी काकूंचा चेहरा नीट पाहिला, मग हुश्श करून खुर्चीत बसले.

"आज हिला मस्त झोप लागली हं," मला कौतुकाने म्हणाले. त्यांचे स्वतःचे डोळे लालभडक झाले होते.