यकृतगडाने पौषातली थंडी थोपविली, त्याची हकीकत

श्रीजठराग्नि प्रसन्न. ज्याचे कृपेने भाकरी अंगी लागते आणि हातपाय चालतात, त्यास नमन करून देहशके बेचाळीस, पौष मास, ते समयीचे वर्तमान लिहितो. ऐशास, राज्यात उजवे बरगडीखाली यकृतगड आणि तेथील किल्लेदार यकृतराव उजवेकर. जगाने हृदयाचे पोवाडे गावे, गावोत बापडे. परंतु राज्याची ऊब आमचे रावसाहेब राखीत, हे कोणी बोलत नाही म्हणून आम्ही बोलतो. रिवाज ऐसा की थंडी उतरली म्हणजे पोटाकडील कोठारांतून चरबी सुटावी आणि गडावर यावी, आणि रावसाहेबांनी तीस घडवून जाळण्याजोगे सरपण करावे, आणि मग ते मानेजवळील भट्टीवर रवाना करावे. तेथे पिंगट चरबीचा सरदार पिंगोजी नाईक ते जाळून राज्यास ऊब देई. गडावरही रात्रंदिवस कामाची धग असेच. दुसरा रिवाज या कुळाचा ऐसा की गडावर काहीही गुदरो, कण्हावयाचे नाही. शेजारी पोट जरा फुगले की राज्यभर बोंब. आमचे गडावर चकार शब्द नाही. याचा आम्हांस बहुत अभिमान होता.

मग सुबत्तेची वर्षे आली. जिव्हामहालच्या राणी रसनाबाईसाहेब यांणी जिलबी, श्रीखंड, बाटलीतले गोड पाणी यांचा सपाटा लाविला आणि खासा स्वारी, म्हणजे या देहाचे धनी, खुर्चीवरून हलेना. आले ते रावसाहेबांनी ठेवून घेतले, गोडाची चरबी केली, आणि कोठारे भरली तेव्हा ती आपलेच गडात, आपलेच कारखान्यात रचिली. कारागिरांस हात हलवावयास जागा उरली नाही, तरी तोंडातून ब्र नाही.

त्या पौषात थंडी चालून आली. पिंगोजी नाईकाचा सांगावा आला, "रावसाहेब, भट्टी विझत चालली. सरपण धाडा." रावसाहेबांनी "धाडतो" म्हणून सांगितले, आणि धाडवेना. गडात चरबी छतास टेकलेली, आणि सरपणाची मोळी एक बांधवत नाही, ऐसी नामुष्की. बोटे निळी पडली. मांडीदंडाचे स्नायू हुडहुडी भरून थडथड उडाले, त्यांणी कशीबशी लाज राखली. आणखी एक ऐसी थंडी पडती तर राज्य बुडते, आणि ऊब राखण्याचा पिढीजात मान रावसाहेबांचे हातून जाता.

तेव्हा दिवाण स्वादुपिंडपंत जातीने गडावर आले. साखरेची व्यवस्था यांजकडे. म्हणाले, "माझे हुकूम तुमचे दरवाजातच अडतात, रावसाहेब. साखर रक्तात तुंबली आहे. आता तरी बोला."

"आमचे कुळात कण्हत नाहीत, पंत."

"मग कुळाचे नाव राहील, राज्य राहणार नाही. कसे करता?"

 रावसाहेबांस रडू आले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. मग त्यांणी गडाचे जासूद रक्तनदीत सोडिले, ते वैद्यांचे रक्त तपासावयाचे नळीत सापडले आणि वैद्यांनी तपासणीचा कागद वाचून स्वारीस खडसाविले, "गड चरबीने भरला आहे. गोड बंद, रोज तासभर चालणे. आणि हे आजच."

स्वारी चालू लागली. रसनाबाईसाहेब महिनाभर रुसल्या. वर्षभरात गडातली चरबी हळूहळू निघाली आणि कारागीर हात पसरून कामास लागले, आणि पंतांचे हुकूम चालते जाहले. पुढले पौषात तीच थंडी दुप्पट जोराने आली, आणि रावसाहेबांनी मोळ्यांवर मोळ्या धाडिल्या, आणि पिंगोजीने भट्टी ऐसी पेटविली की पायाची करंगळीसुद्धा ऊन राहिली. फत्ते जाहली.

राणीसाहेबांस कौतुक वाटले. त्यांणी रावसाहेबांचे सन्मानार्थ जिलबीचे ताट सिद्ध केले. सारा दरबार पाहत होता. ज्या गडाने आजवर आले ते मुकाट ठेवून घेतले, त्या गडावरून शब्द आला, "पुरे." ताट माघारी गेले. आम्ही या गडाचे जुने चाकर; गड मुका म्हणून मिरवीत होतो, त्या दिवसापासून गड बोलतो म्हणून मिरवितो.

सारांश, ऊब राखिली, राज्य राखिले, मान राखिला. लिहिले ते पाहिलेले आहे.