गिएरीची बंदूक जमा होते

पाचच्या आत शहरातल्या शस्त्रागारात घरी सांभाळलेली लष्करी बंदूक जमा केली की गिएरी काडुफची बारा वर्षांची राखीव सैनिकी सेवा संपणार होती. उशीर झाला तर दंड, आणि वर सार्जंटसाहेबांचं भाषण. निघताना त्यानं सैनिकी पुस्तिकेतला नंबर बंदुकीशी ताडून पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. नंबर दुसराच! गेल्या वर्षीच्या नेमबाजीच्या सरावानंतर गावातले सगळे राखीव शिपाई मेंगियाच्या खानावळीत बसले होते, बंदुका कोपऱ्यात छत्र्यांशेजारी उभ्या. उठताना शेजारी बसलेल्या लिनार्दच्या बंदुकीशी अदलाबदल झाली असणार.

आजही गावात नेमबाजी होती. बसला वीस मिनिटं होती. गिएरी धावतच खानावळीत शिरला. पोलीस हवालदार लिनार्द साध्या कपड्यांत सूप भुरकत होता, त्याची बंदूक कोपऱ्यात छत्र्यांशेजारी. खिडकीशी एक परदेशी पाहुणीबाई केक खात होत्या. गिएरीच्या हातातली लष्करी बंदूक बघून त्यांचा घास घशातच अडकला.

"लिनार्द, लेका, माझी बंदूक तुझ्याकडं आहे!"

"तरीच! वर्षभर माझा नेम चुकतोय."

"तुझा नेम चुकायला माझी बंदूक कशाला लागते?"

दोघांनी रिकाम्या बंदुका टेबलावर आडव्या टाकल्या, खटाखट उघडल्या आणि नंबर वाचू लागले. पाहुणीबाईंनी दोन्ही हात वर केले. मालकीण मेंगियाला वाटलं, बिल मागताहेत.

"आले हं, बाई!"

"पोलिसांना बोलवा!" बाई पुटपुटल्या.

"बोलवायचं कशाला? तो काय, समोर बसलाय!" मेंगियानं बंदुकीत डोकं घातलेल्या लिनार्दकडं बोट दाखवलं.

बाईंचा उरलासुरला धीर सुटला. भिंतीला घासत त्या दारापर्यंत गेल्या, कुलपातली किल्ली काढून बाहेरून फिरवली आणि किल्लीसकट बसमध्ये जाऊन बसल्या.

इकडं नंबर जुळला. आपली बंदूक छातीशी धरून गिएरी दाराशी गेला, तर दार उघडेना. बाहेर बसचा भोंगा वाजला. बस ठरल्या मिनिटाला सुटली. ती कुणासाठी थांबत नाही.

"संपलं! आता सार्जंट मला सोलून काढणार."

"रडतोस काय? मार खिडकीतून उडी. चारला शहरात माझी ड्यूटी आहे, चौकीची गाडी दाराशीच उभी आहे."

लिनार्दनं गाडीतला कोट आणि टोपी चढवली, बंदुका पुढं ठेवल्या आणि गिएरीला मागं कोंबलं. तिसऱ्या वळणावर त्यांनी बस गाठली.

पाहुणीबाईंनी खिडकीतून पाहिलं. पुढं टोपीवाला पोलीस, मागं तोंड पाडून बसलेला तो बंदूकवाला! त्या ताडकन उभ्या राहिल्या आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागल्या.

गिएरी सीटवर ताठ बसला. "बघ, लिनार्द. बारा वर्षं देशाची चाकरी केली, घरच्यांनी कधी 'शाब्बास' म्हटलं नाही. आणि ही कोण कुठली परकी बाई!"

त्यानं काच खाली घेतली आणि बाईंना कडक सलाम ठोकला.