मामांचा घसा, जावयाचा आरसा

सलूनमधला उभा आरसा. सासऱ्यांचा बसलेला घसा. लग्नातला कोट, ज्याचं बटण आता श्वास रोखल्याशिवाय लागत नाही. घासूनपुसून लखलखीत केलेली तीन पदकं. आणि फौजेतला एक नियम: साध्या कपड्यांवर स्वतःची पदकं डाव्या छातीला लावायची, घरच्या माणसाची असतील तर उजव्या.

यातला नियम तेवढा सोडून बाकी सगळं सलूनवाल्या जावयाला ठाऊक होतं.

स्मारकाजवळच्या कार्यक्रमाला सासऱ्यांना जाता येणार नव्हतं. ताप उतरला होता, पण पायांत त्राण नव्हतं आणि तोंडातून नुसती हवा निघत होती. त्यांनी पदकांची पेटी जावयाच्या हाती दिली. ही साधी गोष्ट नव्हती, मंडळी. लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी एकदाही आपलं डोकं या जावयाच्या कात्रीखाली दिलं नव्हतं. केस कापायला ते दोन गल्ल्या पलीकडे जात! आज निभावलं तर उद्या डोकंही येईल, असा जावयाचा होरा.

सासरे समोर उभे राहिले, स्वतःच्या उजव्या छातीवर बोट टेकवलं आणि कागद-पेनाची खूण केली.

"मामा, लिहिता कशाला? दिवसभर आरशात बघून लोकांच्या कानाशी वस्तरा चालवतो मी. बाजू चुकेन होय?"

आणि सवयीनं समोरच्या माणसालाच आरसा समजून त्यानं आपली डावी बाजू धरली.

फाटकावरच्या शिपायानं खाडकन सलाम ठोकला. सासऱ्यांचं वजन भारी दिसतंय, असं म्हणत जावई पहिल्या रांगेत जाऊन बसला. शेजारच्या मिशीवाल्या म्हाताऱ्यानं पदकं निरखली आणि विचारलं, त्या बर्फातल्या लढाईच्या वेळी तुम्ही कुठं होता? जावयानं खरं तेच सांगितलं: बालवाडीत. म्हातारा खो खो हसला. एवढा पराक्रम करून काय हा विनय, असं त्यानं संयोजकांच्या कानी घातलं, आणि लगेच माइकवरून पुकारा झाला: वीरानं दोन शब्द बोलावेत!

तिकडे घरी कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण बघत सासरे टीव्हीसमोर ओरडत होते. तोंड वासलेलं, आवाजाचा पत्ता नाही. बाबांना भरून आलंय, असं समजून लेकीनं पडद्याकडे न बघताच त्यांना कोमट पाणी पाजलं.

व्यासपीठावरून जावयाला समोरच्या रांगेतली मुलं, सुना, म्हाताऱ्या बायका दिसल्या. आपापल्या माणसाची पदकं लावून आलेल्या. त्यानं एकदा आरशाच्या हिशेबानं पाहिलं, एकदा माणसाच्या. सगळ्यांची उजवीकडे. रोखून धरलेला श्वास सुटला आणि कोटाचं बटण तटकन उडालं.

"ही माझी नाहीत," तो म्हणाला. "माझ्या सासऱ्यांची आहेत. बर्फात ते होते. मी केस कापतो."

मग एक आजी वर चढून आली. तिनं त्याची पदकं सोडवली आणि उजवीकडे लावता लावता दटावलं, "हलू नकोस रे, टोचेल." मिशीवाला उठला आणि त्यानंही सलाम ठोकला. या वेळी नुसत्या पदकांना.

घसा सुटला तसे सासरे थेट सलूनमध्ये आले. खुर्चीत बसले आणि खुर्ची गर्रकन फिरवून आरशाकडे पाठ केली.

"कापा, जावईबापू. पण माझ्याकडे बघून."

कोटाच्या उजव्या छातीवर पदकं अडकवायला दोऱ्याचे तीन फास जावयाच्या बायकोनं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच शिवून ठेवले होते.