एकशे सत्तावीस अंशांचा थंड डबा

“माझ्याविषयी थोडक्यात सांगायचं, तर ते थोडक्यात सांगता येणार नाही,” अशी दाजींनी सुरुवात केली आणि शब्दाला जागून थोडक्यात सांगितलंच नाही. आपली नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची. आपण येणार या नुसत्या कुणकुणीने गुन्हेगार घाम पुसू लागतात. ऐकायला समोर एकटी रिसेप्शनिस्ट होती. एवढे प्राणी एकाच देहात नांदतात म्हटल्यावर माणसाला जागा कुठे उरली असेल, असं तिच्या मनात आलं. पण दाजी म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. म्हणून ती फक्त “हो का” म्हणाली, आणि तेवढ्या भांडवलावर दाजींनी तिला सहायक नेमून टाकलं.

दाजींनी बत्तीस वर्षं दुकानांतले वजनकाटे तपासले होते. एवढ्या काळात एकही काटा चुकीचा सापडला नाही, याचा त्यांना अभिमान होता. दुकानदारांना तर त्याहून जास्त होता.

प्रकरण असं. काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या रुग्णांच्या नोंदी होत्या. मागे एकदा तो तापून बंद पडला, तेव्हापासून डॉक्टरांनी धसका घेतला आणि त्यात एक छोटा प्रोग्रॅम घालून घेतला. डबा आतून किती तापलाय आणि आतला पंखा किती फिरतोय, हे तो पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायचा. पण या आठवड्यात रोज जेवणाची सुट्टी संपून रिसेप्शनिस्ट खुर्चीत बसली आणि माउस हलवला, की तोच प्रोग्रॅम लाल होऊन टाहो फोडायचा. तापमान एकशे सत्तावीस अंश, पंखा शून्य. डॉक्टर धावत येऊन प्लग उपटायचे. पुन्हा चालू केला की सारं आलबेल.

सुट्टीत दवाखान्यात एकट्या मावशी असायच्या, झाडलोट करायला. अकरा वर्षं त्या हेच करत होत्या. डॉक्टरांनी दोन आणि दोन पाच केले. रुग्णांनी भरलेल्या बाहेरच्या खोलीत, सगळ्यांदेखत, ते म्हणाले की हे मावशींचेच उद्योग आहेत. शनिवारपर्यंत उलगडा झाला नाही, तर सोमवारपासून येऊ नका. त्या दिवसापासून मावशींनी काउंटरला बोटही लावलं नाही. तरी रोज एकशे सत्तावीस येतच राहिले. हे रिसेप्शनिस्टने दाजींच्या कानावर घातलं. दाजी म्हणाले, हीच तर मावशींची हुशारी.

बुधवारी त्यांचा सिद्धांत ओल्या फडक्याचा होता. दुपारपर्यंत तो वाळला. मग समोरचा चष्मेवाला भिंगातून ऊन वळवून डब्यावर सोडतो, असं निघालं. मध्ये दोन भिंती आहेत, हे रिसेप्शनिस्टने दाखवल्यावर दाजींनी भिंतींकडे बराच वेळ संशयाने पाहिलं.

गुरुवारी बोटांचे ठसे घ्यायला त्यांनी घरून पावडरचा डबा आणला. पडद्यावर एकशे सत्तावीस आणि शून्य झळकत असतानाच त्यांनी कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीवर सढळ हाताने पावडर उडवली. आतल्या पंख्याने ती तितक्याच सढळ हाताने परत केली. दाजी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसू लागले.

“पंखा चालू आहे, दाजी,” रिसेप्शनिस्ट म्हणाली.

“शून्य लिहिलंय ना? मग बंद आहे. ही हवा कुठून येते, तो निराळा तपास.”

तिने कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवून पाहिला. माठासारखा गार. त्यावर दाजींनी गंभीरपणे सांगितलं की काही आगी मुद्दाम बाहेरून थंड राहतात, नवख्या माणसाला त्यातलं कळायचं नाही. पाण्याला शंभर अंशांवर उकळी फुटते आणि इथे त्याहून सत्तावीस अंश जास्त असूनही आपण डब्याला टेकून उभे आहोत, हे त्यांना कुठेही खटकलं नाही.

शुक्रवारी सुट्टीभर ते दाराच्या पडद्याआड दबा धरून बसले. सुट्टी संपता संपता त्यांचं घोरणं बाहेरच्या बाकापर्यंत पोचलं होतं. डॉक्टरांना मात्र त्यांनी कळवलं की आपण डोळे मिटून निरीक्षण केलं आणि संशय मावशींवर पक्का झाला.

शनिवार उजाडला. बाहेर पाच-सहा रुग्ण डोळ्यांत थेंब घालून ताटकळत होते. मावशी दाराशी उभ्या होत्या, पिशवी खांद्याला लावून. सुट्टी संपली, कॉम्प्युटर किंचाळला. डॉक्टर प्लगकडे धावणार, एवढ्यात काउंटरशी दाजींच्या सौभाग्यवती, म्हणजे डॉक्टरांची अक्का, येऊन ठेपल्या. चष्म्याचा नंबर तपासायचा होता, नाव लिहून घ्या म्हणाल्या. कसला हा गोंगाट, असं विचारून त्यांनी वाकून पडद्याकडे पाहिलं, कोपऱ्यातली ती लाल चौकट बंद केली आणि पुन्हा उघडली.

एक्केचाळीस अंश. पंखा नऊशे फेऱ्या.

“घरचाही असाच करतो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “झोपेतून उठवला की आधी वाटेल ते बरळतो. जरा बंद करून उघडलं की शुद्धीवर येतो. रोज दुपारी तुमच्या डोळ्यांदेखत करते मी हे. म्हणजे, डोळे उघडे असते तर.”

दाजी म्हणाले की आपण याच निष्कर्षाच्या अगदी जवळ होतो.

“पण हा आठवडाभरच का झोपायला लागला?” डॉक्टरांनी विचारलं.

रिसेप्शनिस्टने घसा साफ केला. “तुम्हीच सांगितलंत ना सर, सुट्टीत उगाच वीज जळते, दहा मिनिटांत झोपेल असं कर म्हणून. मागच्या शनिवारी.”

डॉक्टरांचे कान लाल झाले. ते दाराशी गेले आणि मावशींच्या जवळ तोंड नेऊन हळूच काहीतरी पुटपुटले. मावशींनी पिशवी खाली ठेवली नाही.

“दोष दिलात तो सगळ्यांसमोर, साहेब,” त्या म्हणाल्या. “आता कानात का सांगता?”

डॉक्टरांनी अक्काकडे पाहिलं. अक्काने छताकडे पाहिलं. शेवटी ते बाहेरच्या खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि चूक मावशींची नव्हती, माझी होती, असं म्हणाले. पहिल्यांदा फार हळू झालं, म्हणून पुन्हा म्हणाले. थेंबांमुळे बाकावरच्या एकालाही त्यांचा चेहरा धड दिसत नव्हता. ऐकू मात्र सगळ्यांना स्वच्छ आलं.