बारा पॉइंटांची शुगर

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी एक छोटासा निर्णय घेतला. मला शुगर निघाली आहे, हे वैदेहीला मेअखेरपर्यंत सांगायचं नाही. कायमचं लपवायचं नव्हतं, हे कृपया लक्षात घ्या. (मी तसा प्रामाणिक माणूस आहे. फक्त जूनपासून.)

त्याचं असं झालं. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला एमआयडीसीत आमची कोकम सरबताची कंपनी आहे. म्हणजे मालक दुसरा आहे, मी तिथे डिस्पॅचला आहे. कंपनीने कर्मचारी आणि त्यांच्या घरच्यांसाठी फुकट तपासणीचं शिबिर ठेवलं. चार दिवसांनी रिपोर्ट कंपनीतच आले आणि डिस्पॅचचा माणूस म्हणून वाटायला माझ्याच हातात आले. माझ्या बायकोची, म्हणजे वैदेहीची, उपाशीपोटीची शुगर अठ्ठ्याऐंशी. माझी एकशे शहाण्णव. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एक गोळी लिहून दिली, रोज चालायला सांगितलं आणि गोड बंद करायला सांगितलं. आंब्याचं ते काही बोलले नाहीत आणि मीही मुद्दाम विचारलं नाही.

आमच्या घरामागे हापूसची अकरा कलमं आहेत. वर्षातले नऊ महिने मी नोकरीला जातो, भाजी आणतो, सासरकडच्या लग्नांत पंगतीला वाढतो, ते सगळं उरलेल्या तीन महिन्यांच्या आशेवर. आणि वैदेहीला मी ओळखून आहे. तीन वर्षांपूर्वी माझं ब्लडप्रेशर जरासं वर दिसलं, तर तिने घरातून मीठ हद्दपार केलं. लोणच्याच्या बरण्या शेजारच्या गोदाकाकूंकडे राहायला गेल्या, त्या अजून परत आलेल्या नाहीत. शुगरचं कळलं असतं तर आंबे पिकत घालायच्या आढीच्या खोलीला कुलूप लागलं असतं आणि किल्ली थेट मंगळसूत्राला. म्हणून घरी येऊन सांगितलं की दोघांचंही अगदी नॉर्मल आहे, आणि दोन्ही रिपोर्ट कंपनीत माझ्या ड्रॉवरमध्ये बंद करून टाकले.

राहिला प्रश्न गोळ्यांचा. आमच्या नाक्यावरचा मेडिकलवाला भला माणूस आहे, पण गोळ्या देता देता चौकशी करतो आणि संध्याकाळी तीच चौकशी बायकोकडे करतो. तेव्हा गोळ्या आणायला मी लांज्याला जायचं ठरवलं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, स्कूटरने, चाळीस किलोमीटर. घरी सांगितलं, मित्राच्या सातबाऱ्याचं काम आहे. (सातबाऱ्याचं काम म्हटलं की कोकणात कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. ते किती वर्षं चालेल हे सगळ्यांना ठाऊक असतं.) लांज्याला एक मोठं दुकान झालंय. किराणा, औषधं, श्रीखंड, बादल्या, सगळं एकाच छपराखाली. त्यांचीच एक शाखा रत्नागिरीतही आहे आणि वैदेहीचा महिन्याचा किराणा तिथूनच येतो.

पहिल्या शनिवारी मी हेल्मेट न काढताच आत गेलो. गोळ्या घेतल्या, काउंटरवर ठेवल्या. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "मोबाइल नंबर?" आणि मी वैदेहीचा नंबर सांगितला. दहाच्या दहा आकडे, एका दमात. कारण दुकानाचं कार्ड वैदेहीच्या नावावर आहे, पॉइंट तिथेच साठतात, आणि नंबर सांगितला नाही तर त्या बिलाचे बारा पॉइंट बुडणार होते. गुपित राखायला मी चाळीस किलोमीटर गेलो होतो हे मला मान्य आहे. पण हातचे बारा पॉइंट सोडून परत आलेला माणूस मला अख्ख्या जिल्ह्यात एक दाखवा. पुढे मी प्रत्येक वेळी नंबर सांगत राहिलो, आणि गोळ्यांबरोबर पाव किलो आम्रखंडही घेत राहिलो. ते वाटेत हातखंब्याच्या अलीकडे झाडाखाली स्कूटर लावून संपवायचो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, एका संध्याकाळी, मी पडवीत बसून दिवसाचा तिसरा आंबा खात होतो. वैदेही येऊन शेजारी बसली. तिच्या आंब्याला तिने हात लावला नव्हता.

"मला सगळं कळलंय," ती म्हणाली.

मी कोय ताटात ठेवली.

"किती दिवस लपवणार होता?"

"मेअखेरपर्यंत," मी खरं ते सांगून टाकलं.

"वाटलंच मला. तरीच रिपोर्ट घरी आले नाहीत." तिचा आवाज भरून आला. "मला हंगामभर आंबा खाता यावा म्हणून एकट्याने एवढं मनात ठेवलंत. शुगर मला, आणि झोप तुमची उडाली. पाहते ना मी, रात्रीचे तीन-तीनदा उठता."

मी रात्री तीनदा उठत होतो, त्याचं कारण वेगळं होतं आणि ते माझ्या रिपोर्टमध्ये होतं. ते मी रिपोर्टमध्येच राहू दिलं.

मग तिने सांगितलं. दुपारी तिला एका कंपनीतून राही नावाच्या मुलीचा फोन आला होता. अतिशय गोड आवाज, बोलणंही अगदी आपल्या घरातलं. "वैदेही मॅडम, तुमच्या डायबेटिसला आज एक महिना पूर्ण झाला," असं म्हणून तिने फोन सुरू केला. (आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस मी विसरलो होतो. हिने शुगरचा महिना लक्षात ठेवला.) तिला औषधाचं नाव माहीत होतं, सकाळ-संध्याकाळ एकेक हे माहीत होतं, आणि लांज्याचं दुकानही माहीत होतं. त्यावरून वैदेहीने हिशेब जुळवला. शिबिरात शुगर तिला निघाली, नवऱ्याने ती लपवली, तिच्यासाठी गुपचूप गोळ्या आणून ठेवल्या आणि त्या द्यायचा धीर मात्र त्याला होत नाहीये. तिने फोनवरच राहीला रडत रडत सांगितलं, आमचे हे फार हळवे आहेत म्हणून.

सत्तावीस वर्षांच्या संसारात वैदेहीने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. बिघडलेला मिक्सर दुरुस्त केला तेव्हाही नाही. मला त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण खरं सांगितलं असतं तर आंबाही गेला असता आणि ती नजरही गेली असती. एका संध्याकाळी माणसाने किती गमवायचं? मी नुसता तिच्या हातावर हात ठेवला, आणि तिने तिचा आंबा माझ्या ताटात सरकवला.

तिथून पुढे वैदेहीने जे केलं त्याला तोड नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला उठून भाट्याच्या समुद्रावर, पुळणीतून चालायला जायला लागली. सकाळी मेथीचं पाणी, दुपारी कारल्याची भाजी. चहा बिनसाखरेचा. आढीतले आंबे ती स्वतः परतायची, पिकलेला निवडायची, कापून माझ्यासमोर ठेवायची आणि स्वतः एक फोडसुद्धा तोंडात टाकायची नाही. तक्रारीचा एक शब्द नाही. उलट, तिच्या वाट्याचेही मीच खावेत असा आग्रह. मला लाज वाटायची. खाताना वाटायची नाही, पण खाऊन झाल्यावर फार वाटायची. तीन आठवड्यांत ती साडेतीन किलोने उतरली, गोदाकाकू तिला दहा वर्षांनी लहान दिसतेस म्हणाल्या आणि माझ्या पॅन्टचं बटण लागेना.

राहीचे फोन येतच होते. चालायचे बूट हवेत का, असं तिने विचारलं, तेव्हा वैदेहीचं माप सहा आहे हेही तिनेच सांगितलं. घरी सुई टोचून शुगर बघायचं यंत्र घ्या, म्हणून मागे लागली. (वैदेही सुईला घाबरते, म्हणून मी वाचलो.) मोबाइल उघडला की कारल्याचा रस, बंद केला की कमी साखरेची बिस्किटं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला त्या लोकांचं कौतुक वाटायला लागलं. आमच्या कंपनीत एखाद्या पत्राची आवक-जावक शोधायला मला तीन दिवस लागतात, आणि इथे कोणीतरी न बघता, न विचारता, माझ्या रक्तापर्यंत जाऊन आलं होतं.

आमच्याकडे विक्री विभागात ऋजुता म्हणून हुशार मुलगी आहे. तिला मी विचारलं, एका मित्राची गोष्ट म्हणून. ती हसली.

"काका, तुमच्या मित्राने काउंटरवर नंबर सांगितला असेल."

मग तिने समजावलं. दर वेळी नंबर सांगितला की त्या नंबराखाली सगळी खरेदी जमा होते. गोळीवरून आजार कळतो, पाकिटावरून डोस कळतो, तारखेवरून आजाराचं वय कळतं. मग तशा नंबरांची यादी होते आणि ती यादी ज्याला हवी तो घेतो. पुढे तिने असंही सांगितलं की आपलीही कंपनी घेते. ठाण्या-डोंबिवलीच्या पित्तवाल्यांची चार हजारांची यादी मागच्या वर्षी घेतली आणि त्यांना कोकम सरबताची कूपनं पाठवली. पाठवली कोणी? डिस्पॅचने. म्हणजे मी. चार हजार लोकांची पित्तं माझ्या हाताखालून गेली आणि मला वाटत होतं, लोकांना सरबत आवडतं.

मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो, तर वैदेही स्वयंपाकघरात उभी होती. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातावर माझी गोळी. स्कूटरच्या डिकीत तिला पाकीट सापडलं होतं.

"शेवटी मीच शोधून काढल्या," ती समजुतीने म्हणाली. "तुमच्याच्याने काही देववत नाहीत मला. आता नुसत्या पथ्यावर किती दिवस काढू?"

ज्याला शुगर नाही त्याने ही गोळी चुकूनही घ्यायची नाही, चक्कर येऊन पडेल, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी धावत जाऊन तिचा हात धरला. गोळी ओट्यावर पडली, पाणी माझ्या अंगावर.

"ती गोळी माझी आहे," मी म्हणालो. "शुगर मला आहे, वैदेही. तुला काही झालेलं नाही."

तिने ओल्या हाताने माझ्या गालावरून हात फिरवला. "किती खोटं बोलाल हो माझ्यासाठी?"

मी सगळं सांगितलं. शिबिर, एकशे शहाण्णव, ड्रॉवर, लांजा. आम्रखंडसुद्धा सांगितलं. ती मान डोलावत ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. मी जितकं खरं सांगावं तितका मी तिच्या नजरेत वर चढत होतो. उद्या कंपनीतून रिपोर्ट आणून दाखवतो म्हणालो, तर म्हणाली, तुम्ही डिस्पॅचला आहात, नाव बदलून दुसरा कागद करायला तुम्हाला कितीसा वेळ. आणि पुन्हा तिने ती गोळी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण खरं बोलत होतो, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

मला भीती वाटली. खरीखुरी भीती. ही मी घरात नसताना गोळी घेईल, आणि तिला काही झालं तर ते माझ्या आंब्यापायी होईल. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नाही ना? मग राहीवर तरी ठेवशील?"

तिच्यावर होता. फोन स्पीकरवर लावला. राहीने रविवारीसुद्धा दुसऱ्या रिंगला उचलला. वैदेहीने तिला विचारलं की शुगर नक्की कोणाला आहे.

"एक मिनिट हं मॅडम, सिस्टीममध्ये बघते." पलीकडे थोडी टकटक झाली. "सॉरी मॅडम, तुमच्याबद्दलची नोंद या महिन्यात दुरुस्त झालीय. मी तुम्हाला कळवणारच होते. या नंबरवर दोन माणसं आहेत. एक रत्नागिरीत कारली, मेथी, ओट्स घेते. दुसरं माणूस दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी लांज्याला गोळ्या घेतं, आणि त्याच बिलात पाव किलो आम्रखंड. जो पथ्य करतो तो आम्रखंड घेणार नाही, म्हणून सिस्टीमने दोघं वेगळी केली. शुगर मिस्टरांना आहे. तुम्ही एकदम फिट आहात, मॅडम."

वैदेहीने गोळी परत पाकिटात ठेवली. मग माझ्याकडे पाहिलं. गेला महिनाभर जिची मला सवय झाली होती ती नजर गेली होती, आणि जुनी, सत्तावीस वर्षांची नजर परत आली होती. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. ती जिवंत होती, ठणठणीत होती आणि चिडलेली होती. आढीच्या खोलीला कुलूप लागण्याआधी काहीतरी बोलून आब राखावा म्हणून मी फोनकडे वाकलो. म्हटलं, "अहो राहीताई, मग पेशंट मी आहे हे कळल्यावर तुम्ही मला का नाही फोन केलात? माझा नंबर काढणं तुम्हाला काही अवघड नव्हतं."

"नंबर आहे सर आमच्याकडे," राही नम्रपणे म्हणाली. "पण तुमच्या नावापुढे शेरा आहे. 'पुरुष, वय अंदाजे पंचावन्न. गोळ्या नियमित, पथ्य शून्य. थेट बोलून उपयोग नाही. पत्नीशीच बोलावे.'"

"कोणी लिहिला हा शेरा?" वैदेहीने विचारलं.

"कोणी नाही मॅडम. सिस्टीम आपोआप काढते."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही साहेबाला माझा गोपनीय अहवाल इतका अचूक लिहिता आला नव्हता. मला त्या सिस्टीमला मनापासून दाद द्यावीशी वाटली. वैदेहीने राहीला तो शेरा पुन्हा एकदा सावकाश वाचायला सांगितला. पुण्याला मुलीला, शमिकाला, तो शब्दन् शब्द कळवायचा होता. कागद आणि पेन मीच आणून दिलं.