कोष्टीपेठेच्या तोडलेल्या पाण्याची बखर

श्रीगजानन प्रसन्न. ऐकणारांचे कान शाबूत असोत आणि लिहिणाराची मान शाबूत असो. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुख नाम संवत्सरी, कारभारी सुभानराव वैकुंठवासी जाहले आणि त्यांची बखर रचावयाची आज्ञा गोमाजीपंत चिटणीस यांस जाहली. या राज्याचा दंडक ऐसा, की गत कारभाऱ्याचे गुण आणि दोष दोन्ही भर दरबारी वाचावे. जो दोष वाचिला तो नव्या कारभाऱ्याने निस्तरावा, आणि जो वाचिला नाही तो वहिवाट म्हणोन चालू राहावा.

गुण लिहिते समयी पंतांची लेखणी चौखूर उधळली. सुभानरावांनी डोंगर फोडून शहरास नळाचे पाणी आणिले, वेठ बंद केली, चोरांस जरब बसविली. हे तो खरेच होते. मग पंतांनी "समुद्रही त्यांस पुसोन भरती आणी" ऐसेही लिहिले, वास्तविक राज्यास समुद्रच नव्हता. आणि दोषांचे पान आले तेव्हा पंतांस आधी शिंका आल्या, मग पाठ दुखू लागली, आणि अखेर "किंचित रागीट, परंतु शोभे" इतके लिहून ते मोकळे जाहले.

इतक्यात कोष्टीपेठेतील सरजाबाई कोष्टीण दारी आली. उत्तरवयात सुभानरावांस मान थोडाही उणा पडलेला सोसेना, आणि पेठ मुजऱ्यास उशिरा आली म्हणोन त्यांनी पेठेचे नळ बंद केले, त्यास सात वर्षे जाहली होती. बाई म्हणाली, "पंत, लिवलं का आमच्या पाण्याचं?" पंत म्हणाले, "बाई, थोर माणूस. गेलेल्याचे वाईट बोलू नये." "थोर व्हताच की! पाणी आलं त्या दिशी म्याच ववाळलं त्याला. आन् त्यानंच तोडलं. दोनी लिवा. न्हाई लिवलं तर माझी नातसून बी जलमभर नदीवरनंच पाणी वाहील."

नळ बंद करण्याचा तो हुकूम पंतांच्याच वळणदार अक्षरात होता, आणि त्यातील "पेठेस तहानेचे पथ्य द्यावे" हे वाक्य सुभानरावांचे नव्हे, पंतांचे होते, आणि त्यावर स्वतःच खूश होऊन पंतांनी ते घरी जेवताना दोन वेळा म्हणून दाखविले होते. त्या आठवणीने पंतांस फार लाज वाटली. मग त्यांनी दोष लिहिला, आणि दरबारी वाचिला.

नवे कारभारी पुसते जाहले, "त्या हुकुमाचे अक्षर कोणाचे?" पंत म्हणाले, "सेवकाचे. शब्दही सेवकाचेच. सुभानराव 'नळ बंद करा' इतकेच बोलिले होते." दरबार खो खो हसला, पंतांची चिटणिशी गेली, आणि तिसरे दिवशी पेठेस पाणी आले. पंत कौतुकाच्या आशेने पाहावयास गेले, तेव्हा सरजाबाई म्हणाली, "येवढं बोलायला सात वर्सं लागली व्हय?"

तात्पर्य, सुभानरावांनी पाणी आणिले हे खरे, तोडिले हेही खरे. आणि तोडण्यास गोड शब्द पुरविणारा गोमाजी तो प्रस्तुत लेखकच, हे सर्वांहून खरे.